मेनफ्रेमवर अजूनही आठच अक्षरं का?

कोराकागद

नमस्कार मंडळी. सहा वर्षं जावा केल्यावर दोन महिन्यांपूर्वी मला मेनफ्रेमच्या, म्हणजे आयबीएमच्या मोठ्या संगणकांच्या, टीममध्ये टाकलंय. झेड/ओएस ही ऑपरेटिंग सिस्टीम, कोबोल ही भाषा, जॉब कसा चालवायचा ते सांगणारं जेसीएल, सगळंच नवीन. हिरव्या पडद्याची सवय झाली, जेसीएलमधल्या स्वल्पविरामांचीही होतेय. नावांची मात्र काही केल्या होत नाही.

जावात मी क्लासला हातभर लांब नाव देऊन मोकळा व्हायचो. नाव वाचलं की काम कळलं पाहिजे, हे शिकतच आमची पिढी वाढली. इथे प्रोग्रामला आठ अक्षरं. जॉबला आठ, त्यातल्या टप्प्याला म्हणजे स्टेपला आठ, टप्प्याला लागणारी फाइल सांगणाऱ्या डीडीला आठ, लायब्ररीतल्या एकेका नोंदीला म्हणजे मेंबरला आठ. डेटासेटचं, म्हणजे इथल्या फाइलीचं, नाव म्हणे ४४ अक्षरांचं असू शकतं, पण तेही ठिपक्यांनी तोडलेलं आणि प्रत्येक तुकडा पुन्हा आठचाच. आमच्या मुख्य लायब्ररीत चार हजारांवर मेंबर आहेत आणि सगळ्यांची नावं गाड्यांच्या नंबरप्लेटसारखी. कुठला प्रोग्राम काय करतो हे विचारायला रोज कोणाच्या तरी टेबलापाशी जाऊन उभा राहतो. आता तर मी येताना दिसलो की लोक हेडफोन लावतात.

हा आठचा आकडा आला कुठून? आणि आज टेराबाइटच्या डिस्क असताना तो वाढवत का नाहीत? माझ्या लॉगिनला तर आठही मिळाली नाहीत. सातच. आडनावाचं शेपूट तुटलं.

एक बेत डोक्यात आहे. आमचा सोर्स हळूहळू गिटमध्ये, म्हणजे बदलांची नोंद ठेवणाऱ्या साधनात, चाललाय. तिथे वाचता येतील अशी लांब नावं ठेवायची, आणि बिल्ड होताना त्या नावाचा हॅश, म्हणजे त्यावरून गणिताने निघणारी ठराविक लांबीची खूण, काढून आठ अक्षरांचं मेंबरचं नाव आपोआप बनवायचं. कुठल्या लांब नावाला कुठलं छोटं, याचा तक्ता एका फाइलीत. माणसांनी लांब नावं वाचावीत, मशीनने छोटी. कोणी केलंय का असं?

स्तंभ_७२

पंचकार्डांची कृपा, दुसरं काय. कार्डाला रकाने ८०. शेवटचे आठ क्रमांकासाठी, म्हणजे पत्त्यांसारखी गठ्ठी हातातून सांडली तर पुन्हा लावता यावी म्हणून. जेसीएलमध्ये पहिल्या दोन रकान्यांत तिरप्या रेघा आणि तिसऱ्यापासून दहाव्यापर्यंत नाव. मोजा. माझं टोपणनावही त्याच कार्डावरचं आहे, ज्याला कळलं त्याला कळलं.

हॅशचा बेत मला तरी आवडला. करून बघा.

डंप_वाचणारी

स्तंभराव, कार्डाची गोष्ट अर्धीच खरी आहे, आणि हॅशबद्दल तुम्ही पोराला भरीला घालू नका.

कोराकागद, तुला "तू"च म्हणते. तेहतीस वर्षं सिस्टीम प्रोग्रामर होते, निवृत्त होऊन चार वर्षं झाली, तेव्हा तेवढा हक्क असू दे.

कार्डावर आठ अक्षरं मावतात, तशी बाराही मावली असती. खरा आठ डिस्कवर आहे. तू ज्याला लायब्ररी म्हणतोस तो पीडीएस: एकाच डेटासेटच्या पोटात अनेक मेंबर. त्याच्या तोंडाशी डिरेक्टरी असते, २५६ बाइटच्या ब्लॉकांची. ब्लॉकातले पहिले दोन बाइट सांगतात की आत किती जागा भरली. मग एकामागून एक नोंदी. आठ बाइट नाव, तीन बाइट मेंबरचा डिस्कवरचा पत्ता, एक बाइट खुणांचा, आणि पुढे वाटलं तर जास्तीचा मजकूर. आयएसपीएफ ह्या एडिटरमध्ये मेंबर जतन केलास की कोणी बदलला, कधी बदलला, किती ओळी, हे जे यादीत दिसतं ते ३० बाइट तिथेच बसतात. झाले ४२. एका ब्लॉकात सहा नोंदी बसतात, सातवीला जागा नाही. तुमच्या चार हजार मेंबरांना किती ब्लॉक लागतात ते आता तूच काढ. डिरेक्टरी भरली म्हणून रात्री जॉब पडला की हाच भागाकार करावा लागतो.

पण माझ्या आवडीचा भाग पुढे आहे. त्या प्रत्येक ब्लॉकाला डिस्कवर स्वतःची एक किल्ली असते, आठ बाइटांची. तिच्यात त्या ब्लॉकातल्या शेवटच्या मेंबरचं नाव. मेंबर शोधायला प्रोसेसर डिरेक्टरी चाळतच बसत नसे. तो चॅनेलला, म्हणजे डिस्कशी बोलणाऱ्या वेगळ्या यंत्रणेला, सांगे, "ह्या आठ बाइटांएवढी किंवा त्याहून मोठी किल्ली भेटेपर्यंत बघत राहा", आणि आपण दुसऱ्या कामाला लागे. तबकडी फिरतेय, कंट्रोलर एकेक किल्ली ताडून बघतोय. जुळली की तेवढा एकच ब्लॉक मेमरीत. सिस्टीम/३६० जाहीर झाली १९६४ साली. तिच्यातल्या मॉडेल ३० ला मेमरी मिळायची ८ ते ६४ केबी, आणि २३११ डिस्कच्या एका पॅकवर सव्वासात एमबी मावायचे. त्या काटकसरीत आठ अक्षरं म्हणजे उधळपट्टीच. त्याआधीच्या ७०४ वर शब्द ३६ बिटांचा आणि अक्षर सहा बिटांचं, म्हणून फोर्ट्रानमध्ये चलाचं नाव सहा अक्षरांत उरकावं लागे, आणि ते सहा फोर्ट्रान ७७ पर्यंत चिकटून राहिले. सहावरून आठवर आलेल्या लोकांना मोकळं झाल्यासारखंच वाटलं असेल.

मग वाढवत का नाहीत? कारण तो आकडा डिस्कवर थांबला नाही, भिंतीतल्या ओलीसारखा सगळीकडे झिरपला. चालू जॉबचे डीडी ज्या कंट्रोल ब्लॉकात असतात त्या टीआयओटीत नावाला आठ बाइट. मेमरीत चढलेल्या मॉड्यूलची नोंद ठेवणाऱ्या सीडीईत आठ. कंपायलरच्या ऑब्जेक्टमध्ये नावं सांगणाऱ्या ईएसडी नोंदीत आठ. ती नोंद तर कार्डासारखी ८० बाइटांचीच आहे, एकीत तीन नावं. सिस्टीमचा वापर नोंदवणाऱ्या एसएमएफच्या हिशेबात जॉबच्या नावाला आठ. ह्यांचे आराखडे छापून जगाला दिलेले होते. ते समोर ठेवून शेड्यूलर विकणाऱ्यांनी, टेप सांभाळणाऱ्यांनी, बिलं काढणाऱ्यांनी आपापले असेंब्लर प्रोग्राम लिहिले. मीही लिहिले. माझ्या प्रोग्रामात नाव संपून पत्ता नवव्या बाइटपासून सुरू होतो हे गृहीतच आहे. उद्या नाव सोळाचं केलंस तर माझा प्रोग्राम नावाचं शेपूट पत्ता म्हणून वाचेल आणि बिनदिक्कत तिथे जाईल. तो माझा प्रोग्राम कुठे कुठे चालतोय हे मलाही ठाऊक नाही. जिथे सत्तरच्या दशकात लिंक केलेली मॉड्यूलं आजही चालतात, तिथे ह्या आकड्याला हात कोण लावणार?

आणि जिथे वाढवलं तिथलं ऐक. डीबी२ ह्या डेटाबेसमध्ये टेबलाच्या नावाला १८ अक्षरं होती. २००४ मध्ये आवृत्ती ८ आली आणि मर्यादा थेट १२८ बाइटांवर गेली. मी खूश. पहिल्याच आठवड्यात आमच्या एका जुन्या रिपोर्टने कॅटलॉग वाचून टेबलांची नावं १८ वर कापून छापली, कारण त्यातलं नाव घेणारं होस्ट व्हेरिएबल १८ चं. दोन वेगळी टेबलं रिपोर्टमध्ये एकच दिसायला लागली. मग वरून फतवा निघाला: नवीन टेबलांची नावंसुद्धा १८ च्या आत ठेवा. मी सोडलं त्या दिवशीही तो फतवा नोटीसबोर्डावर होता.

तुझ्या सातचं कारण सांगते. टीएसओचे, म्हणजे टर्मिनलवरून लॉगिन करणारे, वापरकर्ते मुळात यूएडीएस नावाच्या डेटासेटमध्ये ठेवत, आणि तोही पीडीएसच. तुझी नोंद म्हणजे त्यातला एक मेंबर, नाव तुझा आयडी आणि पुढे एक आकडा. माहिती एका मेंबरमध्ये मावली नाही तर पुढच्या आकड्याचा दुसरा. आकड्याला एक जागा दिली, तुला उरल्या सात. २०१७ मध्ये झेड/ओएस २.३ ने आठची मुभा दिली, पण ती तुमच्या सिस्टीमवाल्यांनी मुद्दाम चालू करावी लागते. विचारून बघ. "करू की" म्हणतील.

आता हॅश. रात्री अडीचला ऑपरेटरचा फोन येतो. त्याच्यासमोर कन्सोलवर जॉबचं नाव, स्टेपचं नाव, एस८०६, म्हणजे मॉड्यूल सापडलं नाही, आणि आठ अक्षरं. ती तो मला एकेक करून वाचून दाखवतो. आमच्याकडे पहिली दोन अक्षरं प्रणालीची, तिसरं बॅच की ऑनलाइन, चौथं रोजचं, आठवड्याचं की महिन्याचं, मग तीन आकडे, आणि शेवटचं अक्षर जॉब, प्रोक (जेसीएलचा तयार तुकडा) की प्रोग्राम ते सांगणारं. चार अक्षरं ऐकेपर्यंत मला कळलेलं असायचं की हे खातेवहीचं रोजचं बॅच आहे आणि उजाडायच्या आत पुरं व्हायलाच हवं, किंवा हे महिन्याचं आहे, झोप परत. तुझा हॅश मला काय सांगणार? तक्ता गिटमध्ये, गिट लॅपटॉपवर, लॅपटॉपचा पासवर्ड कालच संपलेला.

शिवाय मेंबरांची यादी नावाच्या क्रमाने लागते. एका प्रणालीचे प्रोग्राम आज शेजारी शेजारी बसलेत, हॅश त्यांना लायब्ररीभर उधळून देईल. सुरक्षेचे नियम आद्याक्षरांवर असतात, "ह्या दोन अक्षरांनी सुरू होणारं सगळं ह्या गटाला", ते तर मोडूनच पडतील. तुला चार हजार वेगळे नियम कोण लिहून देणार?

फिरकी

ताईंनी डिस्कचं सांगितलं, मी टेपचं सांगतो. माझी हयात त्यातच गेली.

डेटासेटचं नाव ४४ म्हणताय ना? व्हीटीओसीमध्ये, म्हणजे डिस्कच्या अनुक्रमणिकेत, ४४ खरे. पण टेपच्या एचडीआर१ लेबलात नावाला जागा १७ बाइट. नाव लांब असेल तर उजवीकडची १७ अक्षरं लिहिली जातात, डावीकडची जातात. आता गंमत बघा. नाव ठेवताना आपण प्रणाली, विभाग, प्रॉडक्शन की टेस्ट, हे सगळं डावीकडे ठेवतो. उजवीकडे येतं "मासिक", "बॅकअप" असलं काहीतरी. म्हणजे टेस्टच्या आणि प्रॉडक्शनच्या टेपचं लेबल अगदी सारखं. एकदा आमच्या ऑपरेटरने चुकीची टेप चढवली, सिस्टीमने १७ अक्षरं ताडून पाहिली, जुळली, पुढे जा म्हणाली. टेपची नोंद ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या कॅटलॉगात पूर्ण ४४ अक्षरं होती म्हणून त्याने अडवलं. ते नसतं तर प्रॉडक्शनच्या टेपवर टेस्टचा डेटा बसला असता आणि माझी निवृत्तीची तारीख आधीच आली असती.

जीडीजी, म्हणजे एकाच डेटासेटच्या क्रमाने ठेवलेल्या पिढ्या, करणार असाल तर अजून एक खड्डा. प्रत्येक पिढीला मागे ठिपका, जी, चार आकडे, व्ही, दोन आकडे असं शेपूट लागतं. नऊ अक्षरं. म्हणजे मूळ नावाला ४४ नाही, ३५. हे मला ३८ अक्षरांचं नाव सगळ्या विभागांकडून मंजूर करून आणल्यानंतर कळलं.

यूएसएस_प्रेमी

लोक उगाच रडतात. झेड/ओएसमध्येच युनिक्स सिस्टीम सर्व्हिसेस आहे. फाइलचं नाव २५५ पर्यंत, पूर्ण पाथ १०२३ पर्यंत, छोटी-मोठी अक्षरं दोन्ही. तिकडे जा, सुखाने राहा.

डंप_वाचणारी

डेटासाठी जा की, कोण अडवतंय. डीडीवर पाथ देता येतो. पण जेसीएलमध्ये कुठला प्रोग्राम चालवायचा ते लिहिण्याच्या जागी आठच अक्षरं मावतात आणि प्रोग्राम कुठल्या लायब्ररीतून घ्यायचा ते सांगणाऱ्या स्टेपलिबला तुमचा पाथ चालत नाही. रोजचे तीनशे बॅच जॉब मधे एक युटिलिटी घालून युनिक्समधून चालवणारे कोणी भेटले तर मला कळवा. पीडीएसची सुधारलेली आवृत्ती, पीडीएसई, आली तेव्हाही लोक असेच हुरळले होते. त्यात प्रोग्रामला १०२४ बाइटांपर्यंतचं टोपणनाव देता येतं, पण मुख्य नाव? आठ.

चौकडी

तुम्ही आठवर रडताय, आमच्या सीआयसीएसमध्ये, म्हणजे ऑनलाइन व्यवहार चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, ट्रॅन्झॅक्शनचं नाव चार अक्षरांचं. त्यात सी ने सुरू होणारी नावं आयबीएमसाठी राखीव. आमच्या एका हुशार माणसाने जागा संपली म्हणून रोमन लिपीतली लहान अक्षरं वापरायला सुरुवात केली. नियमात बसतं. फक्त काही टर्मिनलांची व्याख्या अशी होती की टाइप केलेलं सगळं आधी मोठ्या अक्षरांत बदलून मग पुढे जायचं. त्या टर्मिनलांवरून हाच व्यवहार टाकला की दुसराच सुरू व्हायचा. एकाच खोलीत, शेजारशेजारच्या दोन टेबलांवर. आम्ही तीन दिवस माणसांना दोष देत होतो.

कोराकागद

बापरे. हॅश रद्द. ताई, तुम्ही सांगितलेली आठ अक्षरांची रचना आमच्याकडेही थोडीफार तशीच असावी. पण चौथं अक्षर खोटं बोलतंय. महिन्याचं अक्षर असलेला एक जॉब दर शुक्रवारी चालतो. बदलू का म्हटलं तर टीममधले सगळे एका सुरात "नको" म्हणाले.

दुसरं म्हणजे, कोबोलमध्ये प्रोग्राम-आयडीला, म्हणजे सोर्समध्ये प्रोग्रामचं नाव लिहायच्या जागी, लांब नाव चालतं की! मी गेल्या महिन्यात माझ्या पहिल्यावहिल्या प्रोग्रामला मधे आडवी रेघ घालून चांगलं वाचनीय नाव दिलं. कंपाइल झाला, लिंक झाला, टेस्टमध्ये चाललासुद्धा. मग ही मर्यादा फक्त मेंबरपुरती आहे का?

डंप_वाचणारी

शुक्रवारच्या जॉबचं म्हणजे नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा. आमच्याकडे "रोज"चं अक्षर असलेला एक जॉब वर्षातून एकदा चालायचा. बदलू नको म्हणणारे बरोबर आहेत. ते नाव शेड्यूलरमध्ये आहे, सुरक्षेच्या नियमात आहे, पडला तर काय करायचं त्या कागदात आहे, खर्चाच्या वाटपात आहे, आणि अशा एका स्प्रेडशीटमध्ये आहे जिचा मालक कंपनी सोडून गेलाय. नाव जन्माच्या वेळचं सांगतं, आजचं नाही, एवढं धरून चाल. आजचं जिथे लिहायचं तिथे लिही: सोर्सच्या डोक्यावरच्या टिप्पणीत, आणि गिटमध्ये आठ अक्षरांच्या फाइलनावाशेजारी एका ओळीचं वर्णन. फोल्डरांची नावं पाहिजे तेवढी लांब ठेव, त्यांना कोणी कापत नाही. फाइलचं नाव आणि मेंबरचं नाव एकच राहू दे.

पण तुझी दुसरी गोष्ट वाचून मी चहा बाजूला ठेवला.

कोबोल कंपायलरला पीजीएमनेम नावाचा पर्याय आहे. काही न सांगता त्याचं मूल्य कॉम्पॅट असतं. त्यात तू लांब नाव लिहिलंस तरी बाहेरच्या जगासाठी तो पहिली आठ अक्षरं ठेवतो. आणि त्यातल्या आडव्या रेघेचं शून्य करतो, कारण बाहेरच्या नावात रेघ चालत नाही. पहिलंच अक्षर आकडा असेल तर त्याचंही अक्षर करतो, एकचा ए, दोनचा बी, असं नवाच्या आय पर्यंत. हे सगळं मुकाट्याने. तुझ्या कॉलमध्ये लिहिलेल्या नावावरही तेच संस्कार होतात, म्हणून दोन्हीकडचं जुळतं आणि प्रोग्राम चालतो. तुला वाटतं लांब नाव चाललं.

आमच्याकडे दोन टीम होत्या. एकीने व्याज काढणारा सबप्रोग्राम लिहिला, नाव कॅल्क, मग रेघ, मग इंटरेस्ट. वर्षभराने दुसरीने दिवसातल्या दिवसात होणाऱ्या व्यवहारांसाठी एक लिहिला. कॅल्क, रेघ, इंट्राडे. इंग्रजी स्पेलिंगने मोज: कॅल्कची चार, रेघ एक, इंटची तीन. आठ झाली. बाहेरच्या जगासाठी दोघांचं नाव एकच, कॅल्क-शून्य-इंट. सोर्सच्या लायब्ररी वेगळ्या म्हणून तिथे टक्कर दिसली नाही. पण लोड लायब्ररी, म्हणजे तयार प्रोग्राम जिथे ठेवतात ती, एकच होती, आणि कंपाइल करताना आम्ही नेम नावाचा पर्याय वापरायचो. त्याने कंपायलर स्वतःच लिंकरसाठी नावाचं कार्ड काढून देतो आणि कार्डात कंसात आर लिहितो. आर म्हणजे रिप्लेस. त्या नावाचं आधीचं काही असेल तर पुसून हे ठेव. ठेवलं.

अबेंड होऊन प्रोग्राम कोसळला असता तर मी त्याच रात्री पकडलं असतं. तसं झालं नाही. दोघांनाही पॅरामीटर तीनच, रक्कम, दिवस आणि उत्तर, आणि त्याच लांबीचे. व्याजाच्या जागी भलतंच पण पटण्यासारखं उत्तर यायचं. तेही सगळीकडे नाही. आमचे कॉल स्टॅटिक होते, म्हणजे सबप्रोग्रामची प्रत प्रत्येक मोठ्या मॉड्यूलच्या पोटात. जी मॉड्यूलं आधी लिंक झाली होती त्यांच्यात जुनी प्रत, बरोबर व्याज. जी नंतर कुठल्याशा दुसऱ्याच बदलासाठी पुन्हा लिंक झाली त्यांच्यात नवी. त्यामुळे ज्याने त्या मॉड्यूलला शेवटचा हात लावला तोच चोर ठरायचा. एका शांत स्वभावाच्या मुलीला दोन आठवडे सगळ्यांनी फाडून खाल्लं. तिने फक्त एका मथळ्याचं स्पेलिंग सुधारलं होतं.

शेवटी लिंकचे दोन नकाशे छापून घेतले, चांगल्या मॉड्यूलचा आणि बिघडलेल्याचा, आणि पट्टी धरून ओळीओळीने खाली आले. सीएसेक्टचं, म्हणजे मॉड्यूलमधल्या त्या तुकड्याचं, नाव तेच, लांबी वेगळी. हेक्समध्ये शेवटचे तीन अंक वेगळे होते. ते अंक मला आजही पाठ आहेत, बँकेचा पिन आठवत नाही.

तू एक कर. तुमच्या सगळ्या कोबोल सोर्समधल्या प्रोग्राम-आयडी काढ, आठ अक्षरांवर काप, क्रम लाव, आणि एकच नाव दोनदा येतंय का बघ. गिटमध्ये असतील तर अर्ध्या तासाचं काम आहे. पीजीएमनेमचं मूल्य लॉंगमिक्स्ड करून लांब नावं खरोखर चालवता येतात, पण ते एकट्याने ठरवायचं नाही. कॉल करणाऱ्या सगळ्यांना तेच करावं लागतं.

स्तंभ_७२

हॅशबद्दलचे माझे शब्द मागे घेतो. आमच्याकडेही हे चालवून बघतो उद्या.

कोराकागद

चालवलं. सगळ्या प्रोग्राम-आयडी काढल्या, आठवर कापल्या, क्रम लावला. नाव पुन्हा आलेलं एकही नाही! आमच्या जुन्या लोकांनी चोख काम केलंय.

डंप_वाचणारी

तुलना करायच्या आधी रेघांचं शून्य केलंस का?

कोराकागद

नाही केलं. थांबा.

कोराकागद

एक जोडी निघाली. एकात रेघ आहे, दुसऱ्यात त्याच जागी खरोखरचं शून्य. शून्यवाला प्रोग्राम रोजच्या बॅचमध्ये आहे, त्याला कित्येक वर्षांत कोणी हात लावलेला नाही. रेघवाला गेल्याच महिन्यातला आहे, सुदैवाने अजून टेस्टच्या लायब्ररीतच.

लिहिणाऱ्याच्या जागी सात अक्षरांचा आयडी आहे, आडनावाचं शेपूट तुटलेला.